गणपतीची आरती २०:०९ ला: डेटाबेसमधली तारीख वेबपानावर नीट दाखवायची कशी

२०२४ च्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाच्या संकेतस्थळावर कार्यक्रमपत्रिका लागली ती अशी: अथर्वशीर्ष ०६:०९, बालनाट्य १७:०९, आरती २०:०९. रामबागेतल्या एका काकांचा फोन आला. "मुहूर्त कोणाकडून काढलात रे? सगळ्यांनाच नऊ मिनिटं?"

मुहूर्त कोणीच काढला नव्हता. मिनिटांच्या जागी मी महिना छापला होता, आणि महिना होता सप्टेंबर.

इंदूरमध्ये अशी बरीच छोटी मराठी मंडळं आहेत, आणि त्यांची संकेतस्थळं बहुधा माझ्यासारखाच कोणीतरी नोकरी सांभाळून, रात्री जेवणानंतर चालवतो. तुम्ही त्यांतले असाल किंवा नुकतंच हे काम शिकायला लागला असाल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे. भाच्याला शेजारी बसवून सांगितलं, तसंच लिहितोय. त्यामुळे आदेशांची नावं उच्चारात आहेत; टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत करायची. जिथे लहान आणि मोठ्या अक्षराने अर्थ बदलतो, तिथे तसं स्पष्ट म्हटलंय.

आधी जवळ काय काय हवं ते:

- डेटाबेस कोणता: मायएसक्यूएल, मारियाडीबी, पोस्टग्रेस की एसक्यूलाइट
- टेबलाची रचना, म्हणजे प्रत्येक रकान्याचा प्रकार
- सर्व्हरचं आणि डेटाबेसचं टाइमझोन काय लावलंय ते
- पान कशात बनतं: पीएचपी, पायथन, जावा, की ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट
- टेबलाचा ताजा बॅकअप
- एका कागदावर लिहिलेला नमुना: तारीख शेवटी कशी दिसायला हवी

शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. आम्ही "शनिवार, ७ सप्टेंबर २०२४, रात्री ८" असं लिहून ते कार्यकारिणीला दाखवलं आणि मगच कोडला हात लावला. त्याआधी "०७/०९/२०२४" असं छापायचो. एका आजींच्या अमेरिकेतल्या मुलाने ते ९ जुलै असं वाचलं आणि विचारलं, गणपती यंदा इतके लवकर कसे? तिकडे महिना आधी लिहितात. महिना अक्षरांत लिहिला की हा वादच उरत नाही.

१. रकान्याचा प्रकार बघा

मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीत 'डिस्क्राइब' आदेश देऊन टेबल उघडा. तारखेचा रकाना 'व्हारचार' (साध्या मजकुराचा प्रकार) निघाला तर थांबा. ती तारीख नाही, तारखेसारखं दिसणारं अक्षरांचं कडबोळं आहे. आमच्या जुन्या सभासद टेबलात "५-३-६२", "०५/०३/१९६२" आणि "५ मार्च" असं सगळं एकाच रकान्यात नांदत होतं.

दुरुस्ती अशी करा. शेजारी 'डेट' प्रकारचा नवा रकाना जोडा. 'एसटीआर टू डेट' वापरून जुन्या मजकुराची तारीख बनवून नव्या रकान्यात भरा. ज्या ओळींत नवा रकाना रिकामा राहील, त्यांची यादी काढून त्या हाताने भरा. दोन आकडी सालांवर वेगळं लक्ष ठेवा: मायएसक्यूएल ७० ते ९९ ला १९७० ते १९९९ समजतं आणि ०० ते ६९ ला २००० ते २०६९. म्हणजे ६२ साली जन्मलेले काका २०६२ साली जन्माला येतात. जुना रकाना लगेच पुसू नका, महिनाभर तसाच राहू द्या.

प्रकार कोणता निवडायचा? नुसता दिवस हवा असेल तर 'डेट'. दिवस आणि वेळ हवी असेल तर 'डेटटाइम'. मायएसक्यूएलमधला 'टाइमस्टँप' नोंद कधी झाली हे ठेवायला चांगला, पण त्याचा पल्ला १९७० पासून १९ जानेवारी २०३८ पर्यंतच आहे. जन्मतारखा त्यात ठेवल्या तर मंडळातली निम्मी ज्येष्ठ मंडळी बाहेर पडतील. आमच्या दिनविशेषाच्या टेबलात पहिलीच नोंद अहिल्याबाईंच्या पुण्यतिथीची आहे, १३ ऑगस्ट १७९५. ती 'टाइमस्टँप'मध्ये मावायचा प्रश्नच नाही. 'डेट'मध्ये आरामात बसते.

२. घड्याळ कोणाचं ते ठरवा

भाड्याचे सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतात. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. एखाद्या थराने वेळ यूटीसीत धरली आणि दुसऱ्याने ती न बदलता छापली, की रात्री ८ ची आरती दुपारी अडीचला दिसते. हेही आमच्याकडे होऊन गेलंय.

मायएसक्यूएलमध्ये 'टाइमस्टँप' आत यूटीसीत साठतो आणि बाहेर येताना जोडणीच्या टाइमझोनप्रमाणे बदलतो. 'डेटटाइम' मात्र जसा टाकाल तसाच परत येतो, त्याला टाइमझोनची काही खबर नसते. एकाच टेबलात दोन्ही प्रकार असतील, तर एक रकाना बरोबर आणि शेजारचा साडेपाच तासांनी चुकलेला, असं चित्र दिसतं. नवशिक्याचं डोकं इथेच फिरतं.

आमच्यासारख्या एका गावापुरत्या कामाला सोपा उपाय: डेटाबेसची जोडणी उघडल्याबरोबर सत्राचं टाइमझोन 'अधिक ०५:३०' लावा आणि पीएचपीत 'एशिया/कोलकाता'. भारतात उन्हाळी वेळेसाठी घड्याळ पुढे-मागे होत नाही, म्हणून ठरलेला फरक चालून जातो. मायएसक्यूएलला थेट 'एशिया/कोलकाता' हे नाव द्यायचं असेल, तर त्याची टाइमझोनची टेबलं आधी भरलेली असावी लागतात. नसतील तर 'कन्व्हर्ट टीझेड' मुकाट्याने रिकामं उत्तर देतं. चूक दाखवत नाही, नुसतं रिकामं! मी त्यावर एक अख्खी रात्र घालवलीय.

३. क्वेरीत तारीख सजवावी का?

क्वेरीत, म्हणजे डेटाबेसकडे माहिती मागणाऱ्या आदेशात, सजवता येते. मायएसक्यूएलमध्ये 'डेट फॉरमॅट', पोस्टग्रेसमध्ये 'टू चार', एसक्यूलाइटमध्ये 'एसटीआरएफटाइम'. पाच ओळींचा अहवाल काढायचा असेल तर खुशाल वापरा. पण पानासाठी माझा आग्रह आहे: क्वेरीतून तारीख तारीख म्हणूनच येऊ द्या आणि छापायच्या ओळीत सजवा. एकदा 'टू चार' केलं की हातात मजकूर उरतो. त्यातून वार काढता येत नाही, "आजपासून किती दिवस" मोजता येत नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे क्रम बिघडतो.

क्रमाचं जवळून बघा. समजा क्वेरीत रकान्याचं नाव 'तारीख' आहे आणि सजवलेल्या मजकुरालाही तुम्ही 'तारीख' हेच टोपणनाव दिलंत. शेवटी 'ऑर्डर बाय तारीख' लिहिलंत. मायएसक्यूएल इथे टोपणनाव धरतं, म्हणजे सजवलेल्या मजकुराने क्रम लावतं. मग यादी अशी येते:

०१-१२-२०२३
०२-०१-२०२२
०३-०९-२०२४

मजकुराच्या हिशेबात हे अगदी बरोबर आहे, ०१ नंतर ०२ आणि मग ०३. आपल्या हिशेबात डिसेंबर २०२३ आधी आणि जानेवारी २०२२ नंतर. पाच-सहा नोंदी असताना कळतही नाही, शंभर झाल्या की लोक विचारायला लागतात. क्वेरीत सजवायचंच असेल तर टोपणनाव वेगळं ठेवा, 'दिसणारी तारीख' वगैरे, आणि क्रम मूळ रकान्यावर लावा.

४. अक्षरखुणा: एम म्हणजे महिना की मिनिटं?

माझे नऊ मिनिटांचे मुहूर्त इथले. तारखेचा कोणता भाग छापायचा ते सांगणारी अक्षरं प्रत्येक भाषेने आपापल्या मर्जीने वाटून घेतलीत:

- मायएसक्यूएल: टक्के-छोटा एम म्हणजे महिन्याचा आकडा, टक्के-मोठा एम म्हणजे महिन्याचं नाव. मिनिटांसाठी टक्के-छोटा आय.
- पीएचपीचं 'डेट': छोटा एम महिन्याचा आकडा, मोठा एम महिन्याचं आखूड नाव, मोठा एफ पूर्ण नाव. मिनिटांसाठी छोटा आय.
- पायथन आणि एसक्यूलाइट: टक्के-छोटा एम महिना, टक्के-मोठा एम मिनिटं.
- पोस्टग्रेस: एमएम महिना, एमआय मिनिटं. इथे लहान-मोठ्याने फरक पडत नाही, त्यामुळे "छोटा एमएम म्हणजे मिनिटं असतील" हा अंदाज सपशेल चुकतो.
- जावा: मोठा एमएम महिना, छोटा एमएम मिनिटं.

ही यादी मी मॉनिटरखाली चिकटवून ठेवलीय. नऊचा घोटाळा पीएचपीत झाला होता: 'मोठा एच, अपूर्णविराम (:), छोटा एम' असं लिहिलं होतं. चाचणी ऑगस्टच्या तारखांवर केली असती तर सगळीकडे ०८ दिसले असते. आरती ८ वाजता, म्हणून ते कदाचित खपूनही गेलं असतं.

आणखी दोन खड्डे. जावात साल छोट्या वायने लिहा. मोठा वाय आठवड्याच्या हिशेबातलं साल देतो आणि ३१ डिसेंबर २०२४ ला ३१ डिसेंबर २०२५ करून ठेवतो. वर्षभर सगळं सुरळीत, फक्त शेवटचे दोन-तीन दिवस वर्ष उडी मारतं. पोस्टग्रेसमध्ये महिन्याचं नाव नऊ अक्षरांइतकी जागा भरेल एवढ्या मोकळ्या जागेसह येतं. ब्राउझर त्या जागा आवळून एकच ठेवतो, म्हणून नुसतं "मे" आणि स्वल्पविराम यांच्यात एक फट दिसते. आधी 'एफएम' लावा, फट जाते.

५. तारखांची हद्द

अनंत चतुर्दशीची रात्र म्हणजे इंदूरमध्ये गिरण्यांच्या झांक्यांची, म्हणजे रोषणाईच्या चित्ररथांची रात्र. २०२४ मध्ये ती १७ सप्टेंबरला होती. पानावर ७ ते १७ सप्टेंबरचे कार्यक्रम मागवले आणि नेमकी झांक्यांचीच नोंद गायब!

'बिटवीन' लिहून फक्त तारखा दिल्या होत्या. वेळेच्या रकान्यासमोर '१७ सप्टेंबर' याचा अर्थ १७ च्या मध्यरात्रीचे शून्य वाजले, एवढाच. त्यानंतरचा अख्खा दिवस बाहेर. लिहायचं असं: ७ तारखेपासून, आणि १८ पेक्षा लहान. 'व्हेअर'मध्ये रकान्याला 'डेट फॉरमॅट'मध्ये गुंडाळून तुलना करू नका. मजकुराशी मजकुराची तुलना होते, आणि इंडेक्सचाही (शोध जलद करणाऱ्या सूचीचाही) उपयोग होत नाही.

६. मराठी महिने, मराठी आकडे

मायएसक्यूएलमध्ये 'एलसी टाइम नेम्स' नावाचं एक चल आहे; ते बदललं की महिन्यांची नावं बदलतात. यादीत हिंदी आहे, गुजराती आहे, तमिळ-तेलुगू आहे, मराठी नाही. मी "देवनागरीच आहे ना" म्हणून हिंदी लावली. पानावर "सितम्बर" आला आणि आईने चष्मा वर करून विचारलं, "हा सितम्बर काय रे? घरात तरी सप्टेंबर म्हण." आमच्या इंदुरी मराठीत हिंदी कितीही मिसळलेली असो, मंडळाच्या पानावर अगस्त आणि दिसम्बर चालत नाहीत.

तीन रस्ते आहेत. पीएचपीचं 'डेट' कायम इंग्रजीच नावं देतं. 'इंटल' जोडणी (पीएचपीचा भाषांसाठीचा जादा भाग) असेल तर 'इंटल डेट फॉरमॅटर'ला 'एमआर-अधोरेखा-आयएन' सांगा. ती जोडणी स्वस्त होस्टिंगवर बंद असेल, तर जानेवारी ते डिसेंबर बारा नावांची यादी स्वतः लिहा आणि महिन्याच्या आकड्याने त्यातलं नाव उचला. काही कमीपणा नाही त्यात. आमचं पान आजही तसंच चालतं. जुन्या लेखांत 'एसटीआरएफटाइम' सुचवलेलं दिसेल, पण पीएचपी ८.१ पासून ते निवृत्तीच्या वाटेवर आहे, नव्या कामात नको.

तिसरा रस्ता ब्राउझरचा. जावास्क्रिप्टच्या 'टू लोकेल डेट स्ट्रिंग'ला 'एमआर-आयएन' दिलं, की दिवस, महिन्याचं नाव आणि साल मागितल्यावर "७ सप्टेंबर, २०२४" मिळतं, आकडेही देवनागरी. हिंदीला तसं होत नाही, तिथे मुळात इंग्रजी आकडे येतात. मराठीत इंग्रजी आकडे हवे असतील तर भाषेच्या खुणेला 'यू-एनयू-एलएटीएन' हे शेपूट जोडा.

सकाळ-संध्याकाळ मात्र स्वतःच लिहा. एएम-पीएम बघून आपली ज्येष्ठ मंडळी गोंधळतात. तास बघून पहाटे, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री असे शब्द लावणारं दहा ओळींचं फंक्शन पुरतं. "रात्री १२" टाळा. कोणत्या तारखेची रात्र, यावर आमच्याकडे दोन घरांत बिनसलंय. ११:५९ लिहा.

७. जावास्क्रिप्टमध्ये दिवस मागे जातो तेव्हा

ही चूक भारतात बसून अर्धी दिसते, अर्धी दिसतच नाही.

दिसणारी: '७ सप्टेंबर, मध्यरात्र' असा 'डेट' इंदुरात बनवला आणि 'टू आयएसओ स्ट्रिंग' करून पहिली दहा अक्षरं कापली. हाती येतात २०२४-०९-०६. कारण ते यूटीसीत लिहिलं जातं, आणि आपली मध्यरात्र म्हणजे तिकडे आदल्या दिवशीचे १८:३०. नोडमधून (सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टमधून) मायएसक्यूएलचा 'डेट' रकाना वाचून तो जेसनमध्ये पाठवलात, तर असंच होतं. जोडणीच्या पर्यायांत 'डेट स्ट्रिंग्ज' चालू करा, म्हणजे तारीख आहे तशी मजकुरात येते.

न दिसणारी: 'न्यू डेट'ला नुसतं '२०२४-०९-०७' दिलं, की ते यूटीसीची मध्यरात्र धरतं. इथे पहाटेचे साडेपाच होतात, दिवस तोच, म्हणून आपल्याला सगळं ठीक दिसतं. अमेरिकेतल्या नातेवाइकांना मात्र ६ सप्टेंबर. नुसत्या तारखेचे साल, महिना, दिवस असे तुकडे करून 'डेट' बनवा. तसं करताना महिना शून्यापासून मोजला जातो हे विसरू नका: सप्टेंबर म्हणजे ८.

८. रिकाम्या तारखा

सभासदाच्या पानावर "०१-०१-१९७०" दिसलं, तर त्यांचा जन्म १९७० चा नाही. रकाना रिकामा आहे. आणि "३०-११-०००१" मधलं साल उणे चिन्ह घेऊन आलं, तर जुन्या टेबलात सगळी शून्यं असलेली तारीख पडलीय आणि पीएचपीने तिचा प्रामाणिकपणे हिशेब मांडलाय. छापण्याआधी रिकामं आहे का ते तपासा आणि "नोंद नाही" असं छापा. शून्यवाल्या तारखा शोधून रिकाम्या करून टाका.

९. फॉर्ममध्ये सजावट नको

ब्राउझरच्या तारखेच्या चौकटीला किंमत साल-महिना-दिवस अशाच रूपात लागते. "०७-०९-२०२४" दिलंत तर चौकट रिकामी राहते. वापरणाऱ्याला ती कशी दिसेल, ते त्याचा ब्राउझर ठरवतो, तिथे भांडून उपयोग नाही. पीएचपीत 'एसटीआर टू टाइम'ला तारीख देत असाल, तर तिरपी रेघ असली की ते महिना आधी धरतं, आडवी रेघ असली की दिवस आधी. एका चिन्हाने गणपती जुलैत जातो.

१०. तिथीचा रकाना वेगळा

तारीख जमली की कार्यकारिणी म्हणणार, "तिथी पण दाखवा." तारखेवरून तिथी काढणारं डेटाबेसमध्ये काही नाही. ब्राउझरमध्ये भारतीय राष्ट्रीय पंचांग मिळतं, पण ते सौर आहे. त्याचा चैत्र आणि घरच्या पंचांगातला चैत्र जुळत नाही.

इंदुरात आणखी एक गुंता आहे. इकडचे हिंदी भाषक पौर्णिमेला महिना संपवतात, आपण अमावास्येला. शुक्ल पक्षात दोघांचं नाव एकच, वद्य पक्षात एका महिन्याचा फरक. अहिल्याबाईंची पुण्यतिथी आपल्याकडे श्रावण वद्य चतुर्दशी; शहरभर फलकांवर भाद्रपद कृष्ण चतुर्दशी. दिवस एकच. आम्ही तिथीसाठी साधा मजकुराचा रकाना ठेवलाय, पंचांग बघून हाताने भरतो, आणि या एका नोंदीसमोर दोन्ही नावं लिहितो.

११. पान लावण्याआधी

चाचणीच्या टेबलात या नोंदी टाका आणि पान डोळ्यांनी बघा:

- २९ फेब्रुवारी २०२४
- ३१ डिसेंबर २०२४, रात्री ११:५९
- १ जानेवारी २०२५, पहाटे ३: टाइमझोन चुकला तर लगेच आदल्या वर्षात जाते
- १३ ऑगस्ट १७९५
- ५ मे, सकाळी ७:४०: दिवस आणि महिन्याचा आकडा सारखा, म्हणून अदलाबदल इथे लपते, तीच वेळ ६ मे ला टाकून शेजारी ठेवा
- एक पूर्ण रिकामी

मग संगणकाचं टाइमझोन न्यूयॉर्क करून तेच पान पुन्हा उघडा. आम्ही हे २०२५ च्या गणपतीआधी केलं. २७ ऑगस्टची चतुर्थी तिथेही २७ लाच दिसली, आणि आरतीची वेळ सर्वांसाठी "रात्री ८, इंदूरची वेळ" अशी छापली. काकांचा फोन या वेळीही आला, पण तो प्रसादाच्या मोदकांचा आकडा विचारायला.